बिल्डर व्हा, पण घराणे उभारू नका



जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दोन सख्खे भाऊ एका आडनावासाठी समोरासमोर उभे राहिले. ‘लोढा’ हे नाव कोणी वापरायचे यावरून अभिषेक लोढा यांच्या मॅक्रोटेक डेव्हलपर्सने धाकटे बंधू अभिनंदन लोढा यांच्या कंपनीवर दावा लावला आणि ५,००० कोटी रुपयांची भरपाई मागितली. न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग दाखवला, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन मध्यस्थ झाले आणि एप्रिलमध्ये भावांचा समझोता झाला. मिटले, चांगले झाले. त्यांच्या घरातल्या वादात आपल्याला रस नाही. पण तो आकडा विसरू नका. ५,००० कोटी हा कुठल्या टॉवरचा किंवा भूखंडाचा भाव नव्हता. एका आडनावाला दाव्यात लावलेली ती किंमत होती.

आता दुसरी आडनावे घ्या. कांबळे, वाघमारे, मेश्राम. फोनवर फ्लॅट बघायची वेळ ठरते. आडनाव सांगितले की पलीकडून आवाज येतो, “अहो, कालच गेला तो.” सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा असाच अभ्यास केला, तो २०१५ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमध्ये छापून आला. सवर्ण नावाला दार उघडे, दलित नावाला नकार किंवा जादा अटी, मुस्लिम नावाला त्याहून जास्त नकार. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले आणि जात उघड झाल्यावर तिथूनही हाकलले गेले. शंभर वर्षांत आपल्या आडनावाचा बाजारभाव किती वाढला, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

हे सगळे आज लिहायचे कारण वेगळे आहे. आपल्या समाजातील अनेक तरुण आता बांधकाम धंद्यात उतरत आहेत. कोणी लेबर कॉन्ट्रॅक्टर आहे, कोणी सेंटरिंगचा ठेका घेतो, कोणी एजंट आहे, आणि काहींनी चार-सहा मजल्यांच्या इमारतीही उभ्या केल्या आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. अडचण आहे ती त्यांना मिळणाऱ्या सल्ल्याची. उद्योजकतेच्या शिबिरांत आणि व्हॉट्सॲपवर एकच मंत्र फिरतो: “मोठ्या बिल्डर घराण्यांकडून शिका. धंदा घरात ठेवा. भाऊ, मुलगा, जावई यांना एकेक साइट द्या. बाहेरच्याच्या हाती चाव्या देऊ नका.” दुसरीकडे चळवळीतील काही ज्येष्ठ म्हणतात की बिल्डर म्हणजे शोषक, आपल्या पोरांनी त्या चिखलात उतरूच नये.

मला दोन्ही मते मान्य नाहीत. धंद्यात उतरलेच पाहिजे. पण घराण्याचा नमुना घेऊन उतरलो तर बुडू, आणि बुडताना आपल्याच वस्तीला घेऊन बुडू.

घराणी वाढली कशावर?

बिल्डर घराण्यांच्या यशकथेत नेहमी बापाचे कष्ट, मुलांची एकी आणि ‘व्हिजन’ असते. कष्ट खोटे नाहीत. पण नाक्यावरचा बिगारीही कष्ट करतो, त्याचे घराणे का होत नाही? कारण या धंद्यात वाढ तीन गोष्टींवर होते: जमीन, परवानगी आणि दुसऱ्याचा पैसा.

जमिनीचे उदाहरण पवईचे घ्या. १९८६ मध्ये राज्य सरकार, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि हिरानंदानी यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. सुमारे २३० एकर जमीन, भाडेपट्टा एकरी ४० पैसे. अट अशी की तिथे ४० आणि ८० चौरस मीटरची परवडणारी घरे बांधायची. आज पवईत कोणाला काय परवडते ते सगळ्यांना माहीत आहे. शेवटी जनहित याचिका झाल्या आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की करारातील छोटी घरे आधी बांधा. म्हणजे वाढीचा पाया सार्वजनिक होता, सरकारी कराराचा होता. नाव मात्र घराण्याचे झाले.

आता आपली जमीन पाहा. महार वतनाच्या जमिनी गुलामीच्या मोबदल्यात मिळालेल्या होत्या. त्या बेड्या तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि जमिनी नव्या शर्तीने परत देण्यात आल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरीही शहरांच्या कडेला त्यांचे काय झाले? दोनशे वारसांपैकी दहा जणांकडून कुलमुखत्यारपत्र लिहून घ्यायचे, थोडी रक्कम टेकवायची आणि उरलेल्यांना कोर्टात फिरवायचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातील मुंढव्याच्या सुमारे ४० एकर वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा शहरी लोकांना महार वतन हा शब्द पहिल्यांदा कळला. आपल्याला तो आजोबांच्या सातबाऱ्यापासून माहीत आहे. ज्या जमिनीवर आपला बिल्डर उभा राहू शकला असता, ती दुसऱ्याच्या वाढीत गेली.

तिसरी गोष्ट पैसा. पहिल्या साइटला बँक उभी करत नाही. मग मामा, सासरा, जातीतला व्यापारी, गावचा सावकार पैसे देतो. कागद नसतो, शब्द असतो. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात, मी सरळ जातीची पत म्हणते. मोठ्या कंपन्यांतही चित्र वेगळे नाही. देशातील १,००० आघाडीच्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९३ टक्के संचालक उच्चजातीय होते आणि अनुसूचित जाती-जमातींचे मिळून साडेतीन टक्के. “धंदा घरात ठेवा” हा सल्ला ज्यांच्या घराबाहेर पतीची अशी भिंत उभी आहे त्यांना परवडतो. आपल्या मामाकडे दोन कोटी नसतात. आपला मामा स्वतः हप्त्यावर गाडी चालवत असतो.

वाढ झाली की घराणेच आड येते

समजा पत मिळाली, पहिली इमारत झाली. पुढे काय होते ते नीट समजून घ्या, कारण शिबिरात हे कोणी सांगत नाही.

एक साइट असते तेव्हा बाप सकाळी सातला तिथे हजर असतो. सिमेंटच्या गोण्या तो मोजतो, सळईचे वजन तो बघतो, शनिवारचा पगार तो वाटतो. सगळा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. पाच साइट झाल्या की डोके पुरत नाही. मग कामाची वाटणी होते आणि ती नात्याने होते. थोरल्याकडे खरेदी, धाकट्याकडे विक्री, जावयाकडे महापालिकेची कामे, पुतण्याकडे साइट. थोरल्याला खरेदी जमते का, हे कोणी विचारत नाही. दहा वर्षे काम केलेल्या इंजिनिअरला दहा हजारांच्या चेकवर सही करता येत नाही आणि काल कॉलेजातून आलेला मुलगा त्याला ‘तू’ म्हणतो.

ही रचना ओळखीची वाटते ना? माणसाचे काम त्याच्या कुवतीवरून आणि आवडीवरून ठरत नाही, आईबापाच्या स्थानावरून ठरते, हा बाबासाहेबांचा जातिव्यवस्थेवरचा मोठा आक्षेप होता. घराण्याचे ऑफिस ही त्याच व्यवस्थेची वातानुकूलित शाखा आहे. जन्माने वाटलेले काम गावात वाईट आणि आपल्या फर्ममध्ये चांगले, असे कसे चालेल?

याहून घातक भाग पैशाचा. साइट वाढल्या की तिसऱ्या साइटच्या बुकिंगचे पैसे पहिल्या साइटच्या स्लॅबमध्ये जातात आणि पाचव्या साइटचे पैसे तिसऱ्यात. बाजार चढता असेपर्यंत बापाला हुशार म्हणतात. विक्री थंडावली की सगळ्या साइट एकदम थांबतात, कारण प्रत्येक साइट दुसरीच्या पैशावर उभी असते. नोएडात आम्रपाली समूहाचे हेच झाले. ४२,००० पेक्षा जास्त कुटुंबे अडकली. घरखरेदीदारांचे पैसे इतरत्र वळवले गेल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ च्या निकालात नोंदवले आणि अर्धवट इमारती पूर्ण करण्याचे काम सरकारी एनबीसीसीकडे दिले. आपल्या पुण्यात डी. एस. कुलकर्णी हे नाव मराठी मध्यमवर्गाला घरच्यासारखे वाटायचे. निवृत्त लोकांनी विश्वासाने ठेवी ठेवल्या. २०१८ मध्ये ठेवीदारांची फसवणूक केल्याच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, कुटुंबातील माणसांवरही गुन्हे नोंदले गेले. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल. पण ठेवीदाराने पैसे नावाकडे पाहून दिले होते, ताळेबंद पाहून नाही, एवढे तर आजच म्हणता येते.

म्हणून २०१६ चा रेरा कायदा मला महत्त्वाचा वाटतो. ग्राहकाकडून आलेल्या रकमेतील ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवा. काम जितके झाले तितकेच काढा, आणि तेही इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांच्या प्रमाणपत्रावर. घराणी ज्याला इतकी वर्षे व्यवस्थापन म्हणत होती, त्याला कायद्याने लगाम घातला. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ याच्या जागी ‘खाते दाखवा’ आले. आंबेडकरवादी माणसाला दुसरे वाक्य जवळचे वाटायला हवे. पहिले वाक्य आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो आहोत.

“आपलाच माणूस आहे”

आता आपल्या घरातले बोलू. हे काहींना झोंबेल.

मी ज्या वस्त्यांत काम करते, तिथे पुनर्विकासाच्या बैठका विहारात होतात. बुद्धवंदना होते, मग विकासक बोलायला उभा राहतो. तो आपल्याच समाजाचा असतो. १४ एप्रिलचा मंडप त्याने दिलेला असतो, वर्षावासातले भोजनदान त्याचे असते. तो म्हणतो, “मी काय परका आहे का?” आणि बाया कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठे देतात. एका वस्तीत घरे पाडल्यावर सात महिने भाडे आले, नंतर बंद झाले. विचारायला गेलेल्या पोरांना ऐकवले गेले की तुम्ही समाजाच्या माणसाला बदनाम करता, परक्या बिल्डरची सुपारी घेतली आहे का. ऑफिसात वडील, दोन मुले आणि एक मेहुणा होता. करारावर ज्याची सही होती तो पुतण्या गावाला गेलेला होता. कोणाला जबाबदार धरायचे? घराण्यात सगळेच मालक असतात आणि वेळ आली की एकही मालक नसतो.

त्या बायकांना परक्या बिल्डरने फसवले असते तर त्या मोर्चा घेऊन गेल्या असत्या. आपल्या माणसाने फसवले म्हणून त्या गप्प बसल्या. ‘आपला माणूस’ हे शब्द प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरले जातात तेव्हा ते आपल्यातल्याच गरिबाच्या विरोधात जातात. सवर्ण घराण्यांनी जातीच्या पतीवर बाहेरचा पैसा उभा केला. आपल्या नकलेने चळवळीच्या पतीवर वस्तीचा पैसा उचलला. भाऊसाहेब, ही प्रगती नाही.

काहीजण विचारतील, “सगळे जग असेच कमावते, मग नियम फक्त आपल्यालाच का?” प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की त्यांचे घराणे बुडाले तर पुतण्याला काका उभा करतो, बँक पुनर्रचना करते. आपला एक बुडाला की पुढच्या पन्नास पोरांना बँकेचा मॅनेजर खुर्ची देत नाही. आपल्यासाठी स्वच्छ हिशेब ही नीतीची गोष्ट आहेच, पण तीच आपली एकमेव पत आहे. आडनाव आपल्याला उधार देणार नाही, ताळेबंद देईल.

बहिणीची सही कुठे आहे?

घराण्याच्या वाढीत आणखी एक माणूस गाळला जातो. मुलगी. तिच्या लग्नात खर्च केला म्हणायचे आणि नंतर हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. भावांच्या फर्मला जमीन मोकळी हवी असते, बँकेला कागद स्वच्छ हवा असतो, म्हणून बहीण रजिस्ट्रार कचेरीत येते आणि चहा पिऊन माहेरची मालकी सोडून जाते.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल कशासाठी मांडले होते? जन्माने फक्त मुलग्यांना मालकी देणारी एकत्र कुटुंबाची व्यवस्था मोडून मुलीला हिस्सा द्यायचा, हा त्याचा गाभा होता. ते बिल लटकवले गेले आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी पक्का केला. वारसाहक्काचा हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मग बौद्ध बिल्डरच्या फर्मच्या नावात ‘अँड सन्स’ कशासाठी? बाबासाहेबांचा फोटो केबिनमध्ये लावायचा आणि त्याच केबिनमध्ये बहिणीचे हक्कसोडपत्र टाईप करायचे, हे एकाच भिंतीखाली बसत नाही.

मग करायचे काय?

नुसती टीका करून मी थांबणार नाही. जे धंद्यात आहेत किंवा उतरणार आहेत त्यांच्यासाठी माझे म्हणणे असे.

पहिले, प्रत्येक साइटचे खाते वेगळे ठेवा. जागा ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर रेराची नोंदणी लागत नाही आणि आपले बहुतेक लहान बिल्डर याच मापात बसतात. पण महाराष्ट्रात १९६३ पासून मोफा कायदा आहे. त्यातही सदनिका घेणाऱ्यांच्या आगाऊ पैशांचे खाते वेगळे ठेवायला आणि करार नोंदवायला सांगितले आहे. सरकार बघत नसले तरी पाळा. महिन्याला हिशेबाचा कागद साइटवर लावा.

दुसरे, भागीदारी लिहून ठेवा. भाऊ असो की मित्र, कोणाचे किती भांडवल, कोणाचा किती हिस्सा, सही कोणाची, बाहेर पडायचे तर कसे, हे पहिल्या दिवशी कागदावर आणा. अब्जावधीची घराणी वीस वर्षांनी कोर्टात जाऊन जे ठरवतात ते तुम्ही पहिल्याच दिवशी ठरवा. पत्नी आणि बहीण भागीदार असेल तर तिला बैठकीत बसवा. सहीपुरती भागीदार ही कागदावरची फसवणूक आहे.

तिसरे, दुसऱ्या साइटपासून पगारी माणसाला अधिकार द्या. हिशेब बघणारा घरातला नको. मुलगा यायचाच असेल तर आधी दुसऱ्याच्या साइटवर दोन वर्षे सुपरवायझरी करून येऊ दे.

चौथे, मजुराकडे बघा. तुमच्या साइटवर वाळू चाळणारी बाई तुमचीच चुलती-मावशी आहे. वर्षात ९० दिवस काम केलेल्या बांधकाम कामगाराची कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. त्यासाठी बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो. कामगाराला ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराने द्यायचा असतो आणि तिथेच तो अडवला जातो. आंबेडकरवादी बिल्डर कोण, याची माझी परीक्षा सोपी आहे: त्याने किती दाखले दिले?

पाचवे, वस्तीने बिल्डर शोधण्याआधी स्वतःकडे पाहावे. २०१९ मध्ये राज्य सरकारने गृहनिर्माण संस्थांच्या स्वयंपुनर्विकासाचा निर्णय काढला. संस्थेने स्वतः कर्ज काढायचे, स्वतः ठेकेदार नेमायचा, नफा सभासदांत राहतो. आपल्या कॉन्ट्रॅक्टर पोरांनी अशा संस्थांचा ठेकेदार व्हावे. वतन जमिनीच्या वारसांनीही सुटे सुटे कुलमुखत्यारपत्र देण्याऐवजी एकत्र नोंद करून, कायदेशीर परवानगी घेऊन, मालक म्हणून वाटाघाटीला बसावे.

आणि एक मागणी चळवळीची. रेरा कायद्यात जात-धर्म पाहून घर नाकारणाऱ्या विकासकाला शिक्षा करणारे कलम नाही. २००५ मध्ये झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरते सभासदत्व ठेवणारा सहकारी संस्थेचा नियम वैध ठरवला. म्हणजे दार बंद ठेवायला कायद्याची फट आहे. ती बुजवणारे कलम आले पाहिजे. आपला बिल्डर त्या मागणीच्या मोर्चात पुढे दिसला, तर मी त्याला आपला माणूस म्हणेन.

तरुणांनो, १९४७ मध्ये बाबासाहेबांनी ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात शेतजमीन आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली. जमिनीची मालकी ज्याच्या हाती, त्याच्या हाती बाकीच्यांची मान, हे त्यांना दिसत होते. ती मांडणी राज्यघटनेत आली नाही. आपण आज बाजारात उभे आहोत आणि धंदा करायचा आहे. करा. मोठा करा. पण तुमच्या इमारतीत राहायला येणाऱ्या बाईला तुमचे आडनाव, तुमचा बाप किंवा तुमचा झेंडा पाहून पैसे द्यावे लागू नयेत. तिला करारनामा, बँक खात्याचा क्रमांक आणि ताब्याची तारीख मिळाली की पुरे.

जयभीम! नमो बुद्धाय!